दर काढताना आधी पट काढा: काजू-आंब्याच्या काउंटरवरचा हिशेब

वेंगुर्ल्यात काजूगर आणि आंब्याच्या विक्रीचा हिशेब मी बरीच वर्षं सांभाळतोय. दर मोसमात नवी मुलं कामाला येतात. गणित सगळ्यांना येतं, पण गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की प्रत्येक जण आधी एका ग्रॅमचा भाव काढायला जातो. शाळेतली ही एकमान पद्धत बरोबरच आहे, काउंटरवर मात्र ती अडते.

समजा, 750 ग्रॅमच्या पाकिटाला 700 रुपये आहेत आणि गिऱ्हाइकाला 450 ग्रॅम हवेत. एका ग्रॅमचा भाव येतो 93.33 पैसे, पुढे तीनच तीन. 93 धरले तर बिल 418.50. त्यापेक्षा एवढंच बघा: हवं ते वजन पाकिटाच्या किती पट? 450 भागिले 750, म्हणजे 0.6. 700 गुणिले 0.6, झाले 420. उलटा प्रश्नही असाच सुटतो. 560 रुपयांत किती येतील? पैसे 0.8 पट, म्हणून वजनही 0.8 पट: 600 ग्रॅम.

भाव 12 टक्क्यांनी वाढला तर प्रत्येक पाकिटाची वाढ वेगळी काढू नका, सगळ्या यादीला 1.12 ने गुणा. आणि 20 टक्के वाढवून 20 टक्के सूट दिली तर भाव मूळ जागी येत नाही, 1.2 गुणिले 0.8 म्हणजे 0.96. शंभरामागे चार रुपये गेले!

आता खरी मेख. पट कशाला लावायची हे ओळखणं गुणाकारापेक्षा महत्त्वाचं आहे. दोन डझन हापूस घरपोच 1,750 रुपयांना, त्यात आंब्यांचे 1,600 आणि खोकं-भाड्याचे 150. पाच डझनांना 2.5 पट फक्त 1,600 ला लावा: 4,000. मोठ्या पेटीचं भाडं वाहतूकवाल्याला विचारून वेगळं मिळवा. सरसकट 1,750 ला गुणलंत तर भाडंही आंब्यासारखं डझनावर वाढेल, आणि ते तसं वाढत नाही. शिवाय दोन्हीकडे फळ एकाच आकाराचं हवं, नाहीतर तुलनाच नको.

आंब्याचं साठ, म्हणजे ताटात रस पसरून वाळवलेली पोळी, तिचा हिशेब तर मी प्रत्येकाकडून करून घेतो. 30 सेंटिमीटर बाजूच्या चौकोनी ताटाला 2 किलो रस लागतो, तर तेवढ्याच जाडीच्या साठासाठी 45 च्या ताटाला किती? बाजू 1.5 पट, पण पसरायची जागा 1.5 गुणिले 1.5, म्हणजे 2.25 पट. रस साडेचार किलो, तीन नव्हे.

काजूगराच्या प्रतीचे आकडे पहिल्यांदा सगळ्यांनाच गोंधळात टाकतात. डब्ल्यू-320 म्हणजे एका पौंडात, साधारण 454 ग्रॅममध्ये, 300 ते 320 गर. डब्ल्यू-240 मध्ये 220 ते 240. आकडा मोठा, गर लहान, आणि साधारणपणे भाव कमी. हे आकडे नगाचे आहेत, त्यांच्या पटीने भाव काढता येत नाही. प्रतीचा भाव बाजार ठरवतो. त्या प्रतीच्या आत वजन बदललं, तरच पट लावायची.