लुपेरॉनला नांगर टाकलात तर गाव असं बघा

डॉमिनिकन रिपब्लिकच्या उत्तर किनाऱ्यावरचं लुपेरॉन सेलबोटवाल्यांना माहितीये ते वादळापासून लपायची जागा म्हणून. आतपर्यंत वळत गेलेली खाडी, भोवती टेकड्या आणि खारफुटी, त्यामुळे हरिकेन सीझनमध्ये कित्येक बोटी महिनोन्महिने इथेच पडून असतात. पण गावात बघण्यासारखं काही नाही म्हणून लोक बोटीवरच बसून राहतात. आता 'स्पॉट' असं खरंच काही नाहीये, म्हणून इथे फिरायला म्हणून निघूच नका, कामं घेऊन निघा, आणि ती एका दिवसात उरकून टाकू नका.

पोचायचं सकाळीच. दिवसा पूर्वेचा वारा जोरात असतो, रात्री डोंगरावरची गार हवा खाली उतरते आणि तो पडतो, दिवस वर आला की परत सुरू. खाडीच्या तोंडाशी उथळ जागा आहेत आणि चार्टवर (समुद्राच्या नकाशावर) डोळे झाकून विसंबण्यात अर्थ नाही, त्यामुळे उजेड झाल्यावर पण वारा चढायच्या आधी आत शिरायचं.

पिवळा झेंडा, म्हणजे बाहेरून आलोय आणि कागदपत्रं व्हायचीत अशी खूण, लावून थांबा, नेव्हीवाले बोट बघून जातात, मग किनाऱ्यावर इमिग्रेशन, कस्टम्स वगैरे. सरकारी ऑफिसात हाफ पँट घालून जाऊ नका, कागदांच्या झेरॉक्स जवळ ठेवा, आणि पैसे मागितले की हसतमुखाने पावती मागा. घाई दाखवलीत तर जास्त वेळ लागतो, तेव्हा हाच पहिला दिवस समजा.

दुसरं काम पाणी. खाडीतलं पाणी गढूळ आणि घाण, वॉटरमेकर (खारं पाणी गोडं करणारं यंत्र) अजिबात चालवू नका, पिण्यासाठी बोतेयोन म्हणजे पाण्याचे मोठे जार मिळतात, ते घ्यायला कोल्मादोत जा. कोल्मादो म्हणजे किराणा दुकान, पण बाहेर खुर्च्या, थंड प्रेसिडेंते बिअर, मोठ्याने वाजणारं बाचाता संगीत आणि डॉमिनोजचा डाव, म्हणजे अख्खं गाव तिथेच भेटतं. आत शिरताना आधी 'बुएनास' म्हणायचं, मग काय हवं ते सांगायचं, न म्हणता थेट वस्तू मागितली तर उद्धट वाटतं. पेसोच्या छोट्या नोटा ठेवा. आणि एकदम आठवड्याचं सामान भरू नका हो, रोज थोडं थोडं घ्या, दोन-तीन दिवसांत लोक तुम्हाला ओळखायला लागतात आणि मेकॅनिक कोण, डिझेल कुठे हे तिथेच कळतं.

जेवण दुपारीच. भात, राजमासारख्या बीन्स आणि मटण-चिकन असं काहीतरी, त्याला ला बांदेरा म्हणतात, उशिरा गेलात तर संपलेलं असतं. शाकाहारी असाल तर बीन्समध्ये मांस आहे का ते विचारून घ्या, नाहीतर तोस्तोनेस म्हणजे कच्च्या केळ्याचे चपटे तळलेले काप, ते मस्त लागतात.

गावाबाहेर जायचं तर ग्वाग्वा, म्हणजे खच्चून भरलेली व्हॅन, ती इंबेर्त गावाला जाते आणि तिथून पुएर्तो प्लाता किंवा सांतियागो शहराची दुसरी मिळते. स्पेअर पार्ट आणायला जाणारच आहात, मग सांतियागोपर्यंत जाऊन या. मोटोकोन्चो म्हणजे बाईक टॅक्सी, भाडं बसायच्या आधी ठरवा. पश्चिमेला जवळच ला इसाबेला आहे, कोलंबसने दुसऱ्या सफरीत 17 जहाजं आणून 1494 मध्ये वसवलेलं गाव, काही वर्षांतच ओस पडलं. आता समुद्राच्या काठाला पायाचे दगड आणि छोटं म्युझियम एवढंच आहे, भव्य काही नाही, पण तो वारा आणि तो किनारा बघून बोट चालवणाऱ्याला लगेच कळतं की नांगर टाकायला ही जागा किती उघडी आहे, मला तर त्यापुढे लुपेरॉनची खाडी सोन्यासारखी वाटली.

निघायच्या आधी नेव्हीकडून देस्पाचो, म्हणजे बंदर सोडायचा परवाना, काढावा लागतो, देशातल्याच पुढच्या बंदरात जायचं असलं तरी, आणि त्यावर लिहिलेल्या बंदरातच जायचं. त्याच्या आदल्या दिवशी पाण्यात उतरून प्रोपेलर खरवडा, या खाडीत शिंपल्यांसारखे कडक बार्नॅकल फार लवकर चिकटतात आणि इंजिन चालू असून बोट पुढे सरकत नाही.