दोन क्लाउड मशीनमधले पॅकेट नेमके कुठे अडते, ते कसे शोधावे

ॲमेझॉनच्या क्लाउडमधील मुंबई रीजनमध्ये एकाच व्हीपीसीत (आपल्यापुरत्या खाजगी नेटवर्कमध्ये) दोन ईसी२ मशीन (भाड्याने घेतलेली आभासी मशीन) चालू आहेत असे समजू. १०.०.१.२५ या मशीनवर ॲप्लिकेशन आहे आणि दुसऱ्या सबनेटमधल्या (त्याच नेटवर्कच्या दुसऱ्या भागातल्या) १०.०.२.४० वर पोस्टग्रेस डेटाबेस आहे. ॲप्लिकेशनला डेटाबेसच्या ५४३२ पोर्टवर कनेक्शन मिळत नाही. अशा वेळी सिक्युरिटी ग्रुप, म्हणजे मशीनकडे कोणती रहदारी येऊ द्यायची याची परवानग्यांची यादी, सगळ्या जगाला खुला करून पाहण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण त्याने काम झाले तरी अडथळा नेमका कोणता होता हे कळत नाही आणि तो नियम पुसायचा राहून गेला, तर पब्लिक आयपी असलेला डेटाबेस इंटरनेटवर उघडा पडतो. पॅकेट (नेटवर्कवरून जाणारा डेटाचा तुकडा) कुठपर्यंत पोहोचले आणि त्याचे उत्तर कोणत्या वाटेने परत आले, या दोन प्रश्नांचा क्रमाने माग काढणे हाच खरा मार्ग आहे.

प्रथम चूक कळवणारा संदेश नीट वाचावा. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' असे तत्काळ आले, तर बहुतेक वेळा पॅकेट मशीनपर्यंत पोहोचलेले असते आणि त्या पोर्टवर कोणी ऐकत नसल्यामुळे तिथल्या ऑपरेटिंग सिस्टिमने नकार कळवलेला असतो. बराच वेळ थांबून 'टाइमआउट' आले, तर वाटेत कोणीतरी पॅकेट टाकून दिले असण्याची शक्यता अधिक, कारण सिक्युरिटी ग्रुप नकार कळवत नाही, तो गप्प राहतो. 'नो रूट टू होस्ट' वाचून रूट टेबलकडे (पॅकेटने कोणत्या वाटेने जावे याच्या नोंदींकडे) धावण्याआधी समोरच्या लिनक्सवरचा फायरवॉल-डी हा फायरवॉल तपासावा, कारण त्याचा नकार पुष्कळदा याच शब्दांत येतो. पिंगवर मात्र विसंबू नये. आयसीएमपीला (पिंग ज्यावर चालतो त्या प्रोटोकॉलला) वेगळी परवानगी दिलेली नसेल, तर पिंग बंद आणि पोर्ट चालू असे सहज घडते, म्हणून नेटकॅट या साधनाने थेट ५४३२ पोर्टच तपासावा.

नकार आला असेल, तर डेटाबेसच्या मशीनवर 'एसएस' ही आज्ञा चालवून सेवा कोणत्या पत्त्यावर ऐकते आहे ते पाहावे. पोस्टग्रेस मुळात फक्त लोकलहोस्टवर (त्याच मशीनपुरत्या पत्त्यावर) ऐकतो, त्यामुळे तिथे १२७.०.०.१ दिसले तर शोध तिथेच संपतो. ऐकण्याचा पत्ता बदलून सेवा पुन्हा सुरू करावी आणि पीजी-एचबीए या, कोणाला प्रवेश द्यायचा ते ठरवणाऱ्या फाइलमध्ये ॲप्लिकेशनच्या सबनेटला परवानगी द्यावी.

टाइमआउट असेल, तर सिक्युरिटी ग्रुपकडे वळावे. इथे आयपी पत्ते मोजत बसण्यापेक्षा डेटाबेसच्या ग्रुपमध्ये स्रोत म्हणून ॲप्लिकेशनचा सिक्युरिटी ग्रुपच नोंदवावा, म्हणजे उद्या मशीन वाढली किंवा त्यांचे पत्ते बदलले तरी नियमाला हात लावावा लागत नाही. या सोयीत एक फसवी जागा आहे. ग्रुपचा असा संदर्भ फक्त प्रायव्हेट आयपीवरून येणाऱ्या रहदारीला लागू होतो. ॲप्लिकेशनच्या कॉन्फिगरेशनमध्ये डेटाबेसचा पब्लिक आयपी लिहिलेला असेल, तर नियम अचूक दिसूनही कनेक्शन मिळत नाही. शिवाय दोन्ही मशीन एकाच झोनमध्ये असली, तरी पब्लिक पत्त्यावरून गेलेल्या डेटाचे पैसे पडतात, तेच प्रायव्हेट पत्त्यावरून फुकट असते.

नेटवर्क एसीएल (सबनेटच्या सीमेवरची नियमांची यादी) हे प्रकरण अधिक बारकाईने पाहण्यासारखे आहे. सिक्युरिटी ग्रुप कनेक्शन लक्षात ठेवतो, म्हणून आत येऊ दिलेल्या विनंतीचे उत्तर तो आपोआप बाहेर सोडतो. एसीएल काहीच लक्षात ठेवत नाही, त्यामुळे जाण्याचा आणि परतीचा असे दोन्ही नियम हाताने लिहावे लागतात. लिनक्सवरील ॲप्लिकेशन कनेक्शन उघडताना स्वतःकडे साधारणपणे ३२७६८ ते ६०९९९ यांपैकी एखादे तात्पुरते पोर्ट घेते आणि डेटाबेसचे उत्तर त्याच पोर्टकडे येते. म्हणून डेटाबेसच्या सबनेटमधून बाहेर जाताना आणि ॲप्लिकेशनच्या सबनेटमध्ये आत येताना १०२४ ते ६५५३५ या पोर्टांना परवानगी द्यावी, म्हणजे वरचा पट्टा त्यात पूर्ण येतो. फक्त ५४३२ खुला करून समाधान मानणाऱ्याला परतीचे पॅकेट कुठे हरवले ते समजत नाही. एसीएलचे नियम लहान क्रमांकापासून वाचले जातात आणि पहिला जुळणारा नियम अंतिम ठरतो. एकाच सबनेटमधल्या दोन मशीनच्या रहदारीला एसीएल लागतच नाही, त्यामुळे डेटाबेसच्या सबनेटमध्ये एखादे चाचणीचे मशीन उभे करून पाहिले तर दोष एसीएलचा आहे की नाही हे लवकर कळते.

एकाच व्हीपीसीत रूट टेबलची 'लोकल' नोंद बहुधा पुरेशी असते. दोन व्हीपीसी पिअरिंगने (आपसातल्या थेट दुव्याने) जोडल्या असतील, तर दोन्ही बाजूंच्या रूट टेबलमध्ये नोंद लागते. पिअरिंग साखळीसारखे पुढे जात नाही (अ-ब आणि ब-क जोडले, म्हणून अ-क जोडले जात नाहीत), हेही ध्यानात ठेवावे. एक चकवा मशीनच्या आतच दडलेला असतो. डॉकर (कंटेनर चालवणारे सॉफ्टवेअर) स्वतःच्या ब्रिजसाठी, म्हणजे मशीनमधल्या अंतर्गत नेटवर्कसाठी, सहसा १७२.१७.०.०/१६ हा पत्त्यांचा पट्टा घेतो आणि समोरचे मशीन त्याच पट्ट्यात असले, तर पॅकेट मशीनबाहेर पडतच नाही.

एवढ्यावर उलगडा झाला नाही, तर दोन्ही मशीनवर एकाच वेळी टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट टिपून दाखवणारे साधन) लावावा. डेटाबेसकडे पहिले सिन (कनेक्शन मागणारे) पॅकेटच दिसत नसेल, तर अडथळा वाटेत किंवा पाठवणाऱ्याच्या बाजूला आहे. सिन दिसते पण उत्तर निघत नाही, तर मशीनवरचे फायरवॉल संशयित ठरते, कारण टीसीपीडम्प येणारे पॅकेट त्या फायरवॉलच्या आधी पाहतो. उत्तर निघूनही ॲप्लिकेशनकडे पोहोचत नसेल, तर परतीच्या वाटेवरचा एसीएल किंवा रूट तपासावा. फ्लो लॉगही (व्हीपीसीतल्या रहदारीच्या नोंदी) उपयोगी पडतात, मात्र त्यांतील नोंदी मुळात दहा मिनिटांपर्यंतच्या एकत्रित असतात. तपासापुरता हा अवधी एक मिनिटावर आणावा.

कनेक्शन जुळते, लहान क्वेरी चालतात आणि मोठा निकाल मागितला की सगळे गोठते, हे लक्षण दिसले तर एमटीयू (एका पॅकेटच्या आकाराची कमाल मर्यादा) पाहावा. व्हीपीसीच्या आत ९००१ बाइटपर्यंतचे पॅकेट जाते, पण वाटेत व्हीपीएन किंवा दुसरा बोगदा असेल तर मर्यादा १५०० किंवा त्याहूनही कमी होते. पॅकेटचे तुकडे करायला मनाई करून १४७२ बाइटचा पिंग पाठवावा. त्यात २८ बाइटचे शीर्षक मिळवले की नेमके १५०० होतात. तो अडला, तर तो जाईपर्यंत आकार कमी करत जावे आणि मिळालेल्या आकड्यात तेच २८ बाइट मिळवून इंटरफेसचा एमटीयू ठरवावा. पॅकेट मोठे असल्याचे कळवणारा आयसीएमपी संदेश एसीएलने अडवलेला नाही याचीही खात्री करावी.

उरते ती थोडा वेळ शांत राहिल्यावर तुटणाऱ्या कनेक्शनची तक्रार. वाटेत ॲमेझॉनचा नेटवर्क लोड बॅलन्सर (कनेक्शन अनेक मशीनवर वाटणारी सेवा) असेल, तर तो निष्क्रिय टीसीपी कनेक्शन मुळात ३५० सेकंदांनी विसरतो आणि गूगल क्लाउडच्या फायरवॉलची स्मृती दहा मिनिटांची असते. लिनक्सचा कीपअलाइव्ह (कनेक्शन जिवंत आहे का हे विचारणारी यंत्रणा) मात्र मूळ रचनेत ७२०० सेकंदांनंतरच पहिली चौकशी करतो. तो ३०० सेकंदांच्या आत आणावा आणि ॲप्लिकेशनच्या कनेक्शन पूलमध्येही (पुन्हा वापरण्यासाठी उघडी ठेवलेल्या कनेक्शनच्या साठ्यातही) कीपअलाइव्ह चालू आहे ना, ते पाहावे, कारण सॉकेट उघडताना तो मागितला नसेल तर कर्नलमधला आकडा बदलून काहीच फरक पडत नाही.