फोन फडताळात, पाय पुळणीवर: कोकणात दोन दिवस डिजिटल डिटॉक्स कसा करावा

पहिल्या खेपेला मी जागा निवडतानाच फसलो. 'तिकडे रेंज अजिबात नाही' असं कुणीतरी म्हणालं आणि मी खूश होऊन गुहागर तालुक्यातली एक वाडी गाठली. शनिवारी दुपारच्या आत मला पत्ता लागला, की वाडीच्या वर सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, एका काजूच्या झाडाखाली दोन काड्या रेंज येते. तिथे आधीच मंडळी जमलेली होती. मुंबईच्या लेकाला फोन लावणारी आजी, ओटीपीची वाट पाहणारा दुकानदार, दोन कॉलेजची पोरं. दोन दिवसांत मी ती जांभ्याची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, सात वेळा चढलो. समुद्र नीट पाहिला तो एकदाच, तोही वरून.

तेव्हापासून मी रेंज असलेलंच गाव निवडतो. रेंज नसली की माणूस ती शोधत फिरतो. आणि शोधतो ते काही व्यसनामुळेच असं नाही. वेळ, पैसे, तिकीट, रस्ता, उजेड, गजर ही आपली सगळी बारीकसारीक कामं आपण त्या एकाच डबीत कोंबून ठेवली आहेत. एखाद्या कामासाठी फोन उघडला, की पुढचा पाऊण तास गेला. त्यामुळे खरी तयारी घरीच करायची असते: फोनची कामं आधी दुसऱ्यांना वाटून द्यायची.

आठवडाभर आधी: कामांची वाटणी

सोमवार ते गुरुवार खिशात एक चिठ्ठी आणि पेन ठेवा. फोन हातात घेतलात की कशासाठी घेतला ते एका शब्दात लिहा. वेळ, व्हॉट्सॲप, पैसे, 'उगाच'. 'उगाच'ची संख्या पाहून लाज वाटेल, ती वाटू द्या. आपल्याला हवे आहेत ते बाकीचे शब्द, कारण त्यातल्या प्रत्येकाला बदली माणूस किंवा वस्तू शोधायची आहे.

वेळेसाठी मनगटी घड्याळ. कपाटात पडलेलं असेल तर सेल बदलून घ्या, कारण 'वाजले किती?' हा फोन उघडण्याचा सर्वांत साळसूद बहाणा आहे. उजेडासाठी बॅटरी, सुटे सेल धरून. कोकणातल्या रात्री पाखाडीवर आणि आगरातून, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेतून, चालताना ती लागतेच, साप-विंचू हा तिथला काल्पनिक विषय नव्हे.

पैसे रोख न्या आणि सुटे न्या. दहा-वीसच्या नोटा एसटीत, चहाच्या टपरीवर आणि नारळपाण्याला लागतात. यूपीआय आता वाडीवाडीत पोहोचलंय हे खरं, पण ते फोनमधूनच चालतं, आणि पैसे देऊन झाल्यावर कोणी फोन लगेच खिशात टाकत नाही. राहण्याचे पैसे आधीच पाठवून टाका.

रेल्वेचं तिकीट छापून घ्या, मूळ ओळखपत्र सोबत ठेवा. गाडी चालवणार असाल तर परवाना कार्डाच्या रूपात घ्या, आणि फास्टॅगमध्ये पैसे आधी भरा. टोलवर काम काचेवरचा स्टिकर करतो, फोन नव्हे. रस्ता कागदावर उतरवा. पुण्याकडून कराड, कुंभार्ली घाट, चिपळूण, मग साधारण 45 किलोमीटरवर गुहागर, एवढं तर पोस्टकार्डावर मावतं. मुंबईकडून रेल्वेने चिपळूण आणि पुढे एसटी. पुढचा रस्ता विचारत जा. कोकणात वाट विचारली की माणूस वाट सांगतो, आणि तुम्ही कुठले, कोणाकडे चाललात, मुक्काम किती हेही विचारून घेतो. त्यातच तुमच्या गप्पांचा पहिला हप्ता वसूल होतो.

औषधं रोजची असतील तर वेळा कागदावर लिहून डबीलाच चिकटवा. चार-पाच महत्त्वाचे नंबर वहीत उतरवा. हे करताना लक्षात येईल की आपल्याला बायकोचा नंबरसुद्धा पाठ नाही. मला नव्हता.

कॅमेरा न्यावा का? पहिल्या वेळी नको, असं माझं मत. फोटो काढायची सवय फोनबरोबरच लागलेली असते आणि ती दोन दिवस मोडलेली बरी.

शनिवार कोणता? कालनिर्णय काढा

हा भाग मला सर्वांत आवडतो, कारण इथे भिंतीवरचं कॅलेंडर ॲपला हरवतं. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ बरा. पावसात समुद्र खवळलेला असतो, गणपती आणि शिमग्याला गाड्या-गावं भरलेली असतात, आणि दिवाळी-नाताळच्या सुट्ट्यांत पुळणीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूवर, जिकडेतिकडे पर्यटक. उरलेल्या शनिवारांपैकी अमावास्येच्या आसपासचा निवडा.

त्याला कारण आहे. किनाऱ्यावरची माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं. चतुर्थीला आले तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, पहाटेही आणि दुपारीही. अष्टमीला सहा. अमावास्या किंवा पौर्णिमा धरली पंधरा, तर उत्तर सव्वाअकरा. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून एकने सुरुवात करायची. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतोच. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि रोज ही सगळी गाडी पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते.

आता हिशेब पाहा. अमावास्येला भरती सव्वाअकरा-बाराच्या सुमाराला, म्हणजे ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला. आपण किनाऱ्यावर नेमके जातो त्याच वेळी पाणी लांब गेलेलं आणि ओली, टणक पुळण मैदानासारखी पसरलेली. अष्टमीला उलटं. सूर्यास्ताला पाणी सुरूच्या झाडांपर्यंत आलेलं आणि आपण कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय ओढत. शिवाय अमावास्येला आकाश काळं मिळतं. जानेवारीत रात्री आठ-नऊला कृत्तिकांचा पुंजका, रोहिणी आणि मृग नक्षत्रातले ओळीतले तीन तारे उघड्या डोळ्यांनी दिसतात. मुलं सोबत असतील तर मृगाचा बाण त्यांना शोधायला लावा.

अमावास्येला प्रवास कसला, असं घरचं कोणी म्हणेलच. त्यांना द्वितीया सांगा, भरती फार सरकत नाही.

घर कसं निवडावं

रिसॉर्ट नको. तिथे खोलीत टीव्ही असतो आणि स्वागतकक्षात वायफायचा पासवर्ड लिहिलेला असतो. ज्या घरात माणसं राहतात आणि एक-दोन खोल्या पाहुण्यांना देतात असं घर शोधा. पडवी हवी, झोपाळा असला तर उत्तम. बुकिंगच्या फोनवरच दोन गोष्टी स्पष्ट बोला: आमचे फोन तुमच्याकडे राहतील, आणि आमच्या घरी तुमचा नंबर दिलाय, खरीच अडचण असली तर तिथे फोन येईल. मी पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा पलीकडून काकू म्हणाल्या, "म्हणजे फोन सांभाळायचे? बरं. त्यांना जेवायला नाही ना घालायचं?"

घरच्यांना, ऑफिसात आणि सोसायटीच्या ग्रुपवर गुरुवारीच सांगून टाका. शुक्रवारी रात्री सांगितलं की सगळ्यांना नेमकी शनिवारचीच कामं आठवतात. घरी आजारी माणूस असेल किंवा तुम्ही एकट्याने गाडी चालवत जाणार असाल, तर सिमकार्ड काढून साध्या बटणांच्या फोनमध्ये घाला. हट्टापायी जीव टांगणीला लावू नये. आणीबाणीला 112 कुठल्याही फोनवरून लागतो.

फोन द्यायचा तो सगळ्यांनी, एकदम

पोचल्यावर चहाच्या आधी फोन बंद करा आणि काकूंच्या हवाली करा. आमचे फडताळात, कुळथाच्या डब्यामागे गेले. चौघांपैकी एकाने 'फक्त सामन्याच्या स्कोअरसाठी' ठेवला, तर बाकी तिघं अर्ध्या तासात त्याच्या खांद्यावरून डोकावणार, हे लिहून घ्या. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवण्याचा जो नेम सुरू केला, त्यातली मेख हीच. अख्खं गाव एकदम थांबलं की कोणाला चुकल्यासारखं वाटत नाही. तुमच्या चौघांचा भोंगा म्हणजे फडताळाची कडी.

दुपार अवघड जाते

सकाळ सरते. घावणे, चहा, पुळण. ओहोटीच्या ओल्या वाळूवर चिमुकले खेकडे बारीक गोळ्यांची रांगोळी घालतात, ती बसून पाहिली तर तास जातो. थंडीत कुरव पक्ष्यांचे थवे असतात. अकराच्या पुढे हेदवीला गेलात तर बामणघळीत भरतीचं पाणी कपारीतून उसळताना दिसेल. तिथे मात्र कडेला जाऊ नका, खडक निसरडे असतात आणि लाट मोजून येत नाही.

जेवण झालं, सोलकढी ओरपून झाली, की दोन ते साडेचार हा खरा घाट. हात खिशाकडे जातो. खिसा रिकामा असूनही मांडीवर थरथर जाणवते. चिडचिड होते, 'आलोच कशाला' वाटतं. यावर पुस्तक हा उपाय सगळे सांगतात, पण माझ्या बाबतीत तो चालला नाही, दर पानाला मन उडायचं. चालला तो हाताला लागणारा उद्योग. मी पडवीत घुटमळतोय हे काकूंनी पाहिलं आणि झावळ्यांचा भारा पुढ्यात टाकला. "हीर काढा बसून, खराटा करायचाय." पात चिरायची, हीर म्हणजे तिच्या मधली काडी सुटी करायची, बाजूला ठेवायची. पहिले वीसेक मोडले. मग हाताला लय सापडली, आणि मान वर केली तेव्हा सव्वाचार झाले होते. म्हणून यजमानांना आधीच विचारून ठेवा: दुपारी आम्हाला काहीतरी काम द्या. नारळ सोलणं, ओलं खोबरं खवणं, आगराला पाणी लावणं, काहीही. पैसे मोजून वर काम करायचं म्हणून नाक मुरडू नका. झोप आली तर तीही बिनगजराची घ्या.

पोहायला किंवा पाण्यात उतरायला निघालात तर घरात विचारून जा. "आता नको हो, पाणी चढतंय" हे वाक्य कोणत्याही ॲपपेक्षा जास्त ऐकण्यासारखं आहे. रात्री जेवणानंतर पडवीतला दिवा घालवून बसा. देवचाराच्या, भुताखेतांच्या गोष्टी आपोआप निघतात, त्या अमावास्येला ऐकण्यात वेगळीच मजा आहे, फक्त मोरी अंगणापलीकडे असेल तर आधी जाऊन या.

रविवार: फोन परत घेताना

निघताना फोन घ्या, पण बंदच ठेवा, पिशवीत तळाशी. चिपळूण गाठा, गाडीत बसा, घरी पोचा, आंघोळ करा, मग चालू करा. आधी चुकलेले कॉल पाहा, मग माणसांचे मेसेज, आणि ग्रुप न वाचताच रिकामे करा. मागच्या वेळी माझे 412 मेसेज होते. त्यातल्या तिघांना उत्तर हवं होतं, आणि तिसरी आई होती: 'पोचलास का?' हा तिचा शनिवारचा मेसेज, आणि लगेच खाली दुसरा: 'राहू दे, काकूंशी बोलले. हीर काढतोयस म्हणाल्या. एक खराटा मलाही आण.'