जिन्याची पहिली पायरी बुटकी, शेवटची उंच : असं दुरुस्त झालं

नवीन घर, जिना ओतून झाला, आणि सॅम्पलचा ग्रॅनाइट ठेवून बघितलं तर पहिली पायरी १४१ मिमी, शेवटची १८६, मधल्या सगळ्या १७६. आधी मिस्त्रीने फक्त पहिल्या पायरीवर जाड माल (सिमेंट-वाळूचं मिश्रण) टाकला, तर दुसरी बुटकी झाली. वरची पायरी तासली तर सळई दिसायची भीती. आठ दिवस डोकं आउट!

शेवटी आर्किटेक्टना साइटवरच बोलावलं. ड्रॉइंगमधली मापं फरशीनंतरची होती, मिस्त्रीने स्लॅब ते स्लॅब ३००० मिमीचे सरळ १७ भाग केले होते. खाली फरशी मालासकट ७५ मिमी, वर ५०, म्हणजे खरी उंची ३००० वजा ७५ अधिक ५० = २९७५, भागिले १७ बरोबर १७५.

मग आधी लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) खालच्या-वरच्या तयार फरशीच्या रेषा भिंतीवर मारल्या, खालच्या रेषेपासून दर १७५ वर खूण, लँडिंगसुद्धा त्यातच धरलं, जादा वजन चालेल का ते आर्किटेक्टकडून तपासून घेतलं (हे चुकवू नका), पायऱ्या टाचून (छिन्नीने खडबडीत करून) सिमेंटचं पाणी मारलं आणि खालून सुरुवात करून ग्रॅनाइट खुणेलाच बसवला. ग्रॅनाइट धरून जाडी खाली ७३ मिमी, वर जाताना कमी होत ५१. खालच्या जाड थरांना बारीक खडीचं काँक्रीट. आता सतराच्या सतरा १७५.

याच उंचीचा आणि फरशीचा जिना ओतायचा असेल तर कच्ची (नुसत्या काँक्रीटची) मापं अशी: ग्रॅनाइट मालासकट ४० धरून पहिली २१०, मधल्या पंधरा १७५, शेवटची १६५.