मेल सर्व्हर उभारण्याआधी आयपी तपासा

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या फाउंड्रीने स्वतःचा मेल सर्व्हर उभारायचे ठरवले, की काम हमखास पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा प्रोग्राम) आणि डव्हकॉट (मेलबॉक्स वाचू देणारा प्रोग्राम) इन्स्टॉल करण्यापासून सुरू होते. तो भाग एका दुपारचा आहे. आपली मेल समोरच्याच्या इनबॉक्समध्ये पोहोचवणे मात्र अवघड असते आणि त्याची तयारी आयपी पत्त्यापासून, म्हणजे सर्व्हरच्या इंटरनेटवरील क्रमांकापासून, करावी लागते.

स्थिर आयपीचे पैसे भरण्यापूर्वी पुरवठादाराकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: बाहेर जाणारा पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो मार्ग) खुला आहे, आणि पीटीआर नोंद (आयपीवरून नाव सांगणारी) आपल्या सर्व्हरच्या नावाने करून मिळेल. ही नोंद डोमेनच्या पॅनेलमध्ये होत नाही. आयपी ज्याच्या ताब्यात असतो, त्यालाच ती करावी लागते. माझ्या पहिल्या सर्व्हरवर नेमकी तीच राहिली होती आणि पुण्याच्या ग्राहकाला पाठवलेले कोटेशन चार दिवस स्पॅममध्ये पडून होते. मिळालेला आयपी आधीच स्पॅम पाठवणाऱ्यांच्या एखाद्या काळ्या यादीत नाही ना, हेही त्याच दिवशी पाहावे.

२०१९ आणि २०२१ चा पंचगंगेचा महापूर पाहिल्यावर शाहूपुरीत तळमजल्यावर सर्व्हर ठेवा, असे मी कोणालाही सांगणार नाही. डेटा सेंटरमधील भाड्याचे मशीन बरे. चाळीस जणांना प्रत्येकी ५ जीबी धरल्यास २०० जीबी लागतात; बॅकअपची जागा वेगळी, आणि तीही दुसऱ्या ठिकाणी असावी.

डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीत, ए (नावाचा आयपी सांगणारी), एमएक्स (डोमेनची मेल कुठे द्यायची ते सांगणारी) आणि पीटीआर या नोंदींतील नाव आणि सर्व्हर हेलोमध्ये (जोडणीच्या सुरुवातीच्या ओळखीत) सांगतो ते नाव एकच असावे. एसपीएफची नोंद (आपल्या डोमेनची मेल कोणते सर्व्हर पाठवू शकतात त्याची यादी) एकच ठेवावी आणि तिच्यातून होणारे डीएनएस लुकअप दहाच्या आत राहावेत. वेबसाइटचा चौकशी फॉर्म दुसऱ्या सर्व्हरवरून मेल पाठवत असेल, तर तोही तिच्यात धरावा. डीकेआयएमची (मेलवरील डिजिटल सहीची) २०४८ बिटची की डीएनएसच्या २५५ अक्षरांच्या एका स्ट्रिंगमध्ये मावत नाही, म्हणून ती अवतरणचिन्हांत दोन तुकडे करून टाकावी लागते. डीमार्क (या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचे काय करायचे ते सांगणारी नोंद) सुरुवातीला ‘नन’ (काहीच करू नका) वर ठेवून काही आठवडे अहवाल वाचावेत आणि मगच ‘क्वारंटाइन’ (स्पॅममध्ये टाका) करावे.

कर्मचाऱ्यांनी मेल पाठवण्यासाठी ५८७ किंवा ४६५ आणि वाचण्यासाठी ९९३ हे पोर्ट वापरावेत. लॉगिनशिवाय बाहेरच्यांची मेल पुढे पाठवणारा सर्व्हर स्पॅमवाल्यांच्या हाती लागायला वेळ लागत नाही. एका मेलच्या आकाराची पोस्टफिक्सची मूळ मर्यादा १,०२,४०,००० बाइट असते आणि जोडलेली फाइल एन्कोड होताना सुमारे एक तृतीयांशाने फुगते. त्यामुळे कास्टिंगच्या ड्रॉइंगची ८ एमबीची पीडीएफसुद्धा परत येते. मर्यादा गरजेप्रमाणे आधीच वाढवावी.

जुन्या सर्व्हरवरून नव्यावर येण्यासाठी एमएक्स बदलण्याच्या एक-दोन दिवस आधी टीटीएल (इतरांनी ती नोंद किती वेळ साठवून ठेवायची ती मुदत) ३०० सेकंदांवर आणावा आणि बदल कामाच्या वेळेबाहेर करावा. जुना सर्व्हर आणखी आठवडाभर चालू ठेवून, तिथे उशिरा आलेली मेल इमॅपसिंक या मेल हलवणाऱ्या प्रोग्रामने नव्या सर्व्हरवर आणल्यावरच जुने खाते बंद करावे.