पाण्यापासून पाण्यापर्यंत : बटरफील्डच्या वाटेवर गाईडचं काम शिकताना

पहिल्या दिवशी गाडी चालवायला मिळेल या आशेने गेले होते, आणि हातात आली एक वही. "आज तू फक्त मोज," आमची मुख्य गाईड म्हणाली. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या ज्युलियन गावातल्या वाहनतळावर सकाळी सात वाजता मी गाडीगाडीपाशी जाऊन डबे मोजले. 6 गाड्या, 17 माणसं, 92 लिटर पाणी. माणशी दिवसाला 4 लिटर आणि सहल दोन दिवसांची, म्हणजे कमीत कमी 136 लिटर हवं. बाईंनी वही पाहिली, सगळ्यांना खाली उतरवलं आणि दोन गाड्या पाणी आणायला पाठवल्या. निघायला पाऊण तास उशीर झाला. काही पाहुणे कुरकुरले, पण बाई शांतपणे टायर तपासत राहिल्या.

गेले तीन हिवाळे मी शनिवार-रविवारी हेच काम करते आहे. आठवडाभर सॅन डिएगोत नोकरी, आणि ऑक्टोबर ते एप्रिल अँझा-बोरेगो वाळवंटातल्या जुन्या डाकगाडीच्या वाटेवर पाहुण्यांच्या गाड्यांचा ताफा. इथे शिकायला किंवा नोकरीला आलेली आपली मुलं "हे काम कसं मिळतं?" असं अधूनमधून विचारतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी वाट समजून घ्या. 1857 मध्ये अमेरिकी सरकारने जॉन बटरफील्ड आणि त्याच्या भागीदारांना वर्षाला 6 लाख डॉलरचं टपालाचं कंत्राट दिलं. अट अशी, की मिसिसिपी नदीकाठची डाक 25 दिवसांत सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचली पाहिजे, आठवड्यातून दोनदा, दोन्ही बाजूंनी. अंतर साधारण 2,800 मैल, म्हणजे साडेचार हजार किलोमीटर. सप्टेंबर 1858 मध्ये पहिली गाडी निघाली. तिच्यात 'न्यूयॉर्क हेराल्ड'चा तरुण बातमीदार वॉटरमन ऑर्म्सबी होता. त्या पहिल्या खेपेत पूर्ण वाट पार करणारा तो एकटाच प्रवासी, आणि 10 ऑक्टोबरला तो सॅन फ्रान्सिस्कोत उतरला. गाडी दिवसरात्र धावायची. प्रवासी बसल्या जागी झोपायचे. आपल्याकडे डाकेचे टप्पे असत तसेच इथेही टप्पे होते. ठाण्यावर जनावरं बदलायची, जमलं तर काही खाऊन घ्यायचं आणि निघायचं. वाळवंटात घोड्यांऐवजी खेचरं जुंपत आणि वरून कॅनव्हास ताणलेल्या हलक्या गाड्या वापरत. मार्च 1861 मध्ये यादवी युद्धाच्या तोंडावर ही डाक उत्तरेकडच्या मार्गावर वळवली गेली. म्हणजे ही गाडी या वाटेवरून जेमतेम अडीच वर्षं धावली.

या सनावळ्या पाठ करणं सोपं आहे. पण नकाशावर ठाणी पाहिलीत तर काम कळायला लागतं. कारिझो, तिथून साधारण 9 मैलांवर पाम स्प्रिंग, आणखी तेवढ्यावर व्हायेसितो, मग सॅन फेलिपे. जिथे झरा किंवा विहीर, तिथे ठाणं. सरळ रेषा सोडून वाट वाकते ती पाण्याकडे. म्हणून मी नव्या मुलांना सांगते, गिअरबॉक्सचा अभ्यास नंतर करा. आधी या वाटेवरचं एकेक पाणी ओळखा, कुठलं आज आहे, कुठलं आटलंय, कुठल्याचा भरवसा धरायचा नाही ते. गाईड म्हणून तुमच्या हातात आलेली पहिली जबाबदारी हीच असते. ठाणेदार जे मोजायचा तेच तुम्हाला मोजायचं आहे.

आमची सहल सॅन फ्रान्सिस्कोकडे जाणाऱ्या डाकेच्या उलट दिशेने, डोंगराकडून वाळवंटात उतरत जाते. पहिला थांबा ब्लेअर व्हॅली. तिच्या उत्तर टोकाला एक छोटा, पण छातीवर येणारा चढ आहे. त्याला 'फूट अँड वॉकर' म्हणतात, कारण इथे प्रवाशांना उतरून चालावं लागायचं, प्रसंगी गाडी ढकलावी लागायची. दोनशे डॉलर भाडं भरलेली माणसं ढकलायची! आज तिथे फोर बाय फोर लो गिअरमध्ये चढते. मी मात्र पाहुण्यांना आधी पायी वर नेते. खडक पायाखालून गेला की चाक कुठे टाकायचं ते आपोआप दिसतं. मग एकेक गाडी वर घ्यायची, आणि समोर उभं राहून हातांनी दिशा दाखवणारी व्यक्ती एकच असली पाहिजे. दोघांनी दोन बाजूंनी ओरडायला सुरुवात केली की चालक गोंधळतो.

याच दरीत कुमेआय या इथल्या मूळ रहिवाशांनी दळण केलेले खडक आहेत. ग्रॅनाइटच्या सपाट पाठीवर खोल उखळं. पहिल्यांदा मी त्यात हात घातला तेव्हा आतली कड इतकी गुळगुळीत लागली की मला माझ्या आजीचं परसातलं उखळ आठवलं. बिया, शेंगा कुटून कुटून पिढ्यान् पिढ्यांनी दगड झिजवला आहे. डाक, सोनं शोधायला निघालेले लोक, सैन्य हे सगळे या माणसांच्या पायवाटेवरूनच गेले. गाईडने वाटेची गोष्ट इथून सुरू करावी, 1858 पासून नाही, असं माझं ठाम मत आहे. उखळात कुणी पाणी ओतू नये, खडू घासू नये, हे सांगायला संकोचू नका.

पुढे बॉक्स कॅन्यन. जानेवारी 1847 मध्ये फिलिप सेंट जॉर्ज कुक या अधिकाऱ्याच्या हाताखाली मॉर्मन बटालियन, म्हणजे मॉर्मन पंथीयांची अमेरिकी सैन्यतुकडी, गाड्या घेऊन इथे आली, आणि घळ गाड्यांपेक्षा अरुंद निघाली. बरीचशी अवजारं आधीच हरवलेली. कुऱ्हाडींनी आणि पहारीने त्यांनी खडक फोडला, गाडी सुटी करून पुढे नेली. डांबरी रस्ता आज घळीच्या वरून जातो, खाली पायी उतरावं लागतं. दुपारी ऊन तिरकं झालं की भिंतीवरचे उंचवटे उठून दिसतात. तिथे मी फार बोलत नाही. एका हिवाळ्यात पुण्याहून लेकीकडे आलेले एक काका आमच्या ताफ्यात होते. टपाल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी दोन्ही हात पसरून घळीची रुंदी मापली आणि विचारलं, "पत्राला किती पडायचे गं?" अर्ध्या औंसाला 10 सेंट, मी म्हणाले. "म्हणजे तोट्यातच," ते म्हणाले. "पण चालवली."

व्हायेसितोचं ठाणं हा वाटेवरचा मानाचा मुक्काम. मूळ घर गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेकळांचं. ते पडझडीला आल्यावर 1934 मध्ये पुन्हा उभारलं. भिंतीजवळ वाकून बघितलं तर मातीत गवताचे वाळके धागे दिसतात. तिथे दाट सावली आहे, म्हणून दुपारचं जेवण मी नेहमी तिथेच ठेवते.

इथून पुढे वाळू. सहसा इथे डांबर सोडतानाच टायरमधली हवा 35 वरून 18-20 पीएसआयवर आणायची. टायर पसरतो आणि वाळूत रुतत नाही. हा सुरुवातीचा धडा सगळे ऐकतात, पण परत डांबरावर येण्यापूर्वी हवा भरायला विसरतात, आणि कमी हवेवर वेगात पळवलेला टायर तापून फाटतो. कॉम्प्रेसर सोबत नसेल तर हवा काढूच नका. वाळूत एका लयीत पुढे सरकत राहायचं, चाकं जागच्या जागी फिरू लागली की लगेच ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, नाहीतर गाडी स्वतःचा खड्डा स्वतःच खणते. अडकलेली गाडी ओढताना दोर टोइंगच्या गोळ्याला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या लोखंडी गोळ्याला, कधीही बांधायचा नाही. तो गोळा तुटून सुटला तर माणूस मरतो. ताण पडायच्या आधी सगळ्यांना दोराच्या लांबीपेक्षा जास्त दूर उभं करायचं.

माझी चूक सांगते, ती तुम्ही टाळावी म्हणून. दुसऱ्या हिवाळ्यात मी शेपटीची गाडी चालवत होते, म्हणजे ताफ्यात सगळ्यात मागे. कोरड्या ओढ्याला पाम स्प्रिंगच्या अलीकडे फाटा फुटतो. पुढच्या गाडीच्या धुळीत मला वाटलं सगळे उजवीकडे गेले. चौथी गाडी डावीकडे वळली होती. वळणावर थांबून मागची गाडी दिसेपर्यंत हलायचं नाही हा नियम त्या दिवशी मधल्या एका गाडीने पाळला नाही, आणि मी मोजलं नाही. रेडिओवर आवाज येईना. चाळीस मिनिटांनी त्या गाडीतले लोक सापडले, एका आयर्नवुडच्या झाडाच्या सावलीत, दोन लहान मुलं मागच्या सीटवर झोपलेली. पाणी होतं, म्हणून ती चाळीस मिनिटं नुसती चाळीस मिनिटं राहिली. तेव्हापासून प्रत्येक फाट्यावर मी उतरते आणि बोटांनी गाड्या मोजते.

आता कामाची कागदपत्रं. विद्यार्थी व्हिसावर असाल तर पैसे घेण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात विचारा. परवानगीशिवाय बाहेर पगारी काम चालत नाही, पण पाहुणा म्हणून येऊन शिकायला कुणी अडवत नाही. वन्य भागातल्या प्रथमोपचाराचा दोन दिवसांचा वर्ग आधी करा. पुढे मुख्य गाईड व्हायचं असेल तर सत्तर-ऐंशी तासांचा मोठा अभ्यासक्रम. रेडिओसाठी जीएमआरएसचा, म्हणजे ताफ्यात आपसात बोलायच्या वॉकीटॉकीचा, परवाना परीक्षेशिवाय मिळतो, 35 डॉलर, दहा वर्षांसाठी, आणि घरच्यांनाही चालतो. हॅम, म्हणजे हौशी रेडिओची पहिली परीक्षा 35 प्रश्नांची, 26 बरोबर आले की पास. ती द्याच, कारण डोंगराआड फोन मुका होतो. अँझा-बोरेगोच्या राज्य उद्यानात रस्त्यावर चालायची नोंदणी असलेलीच गाडी चालते, आखलेल्या वाटेबाहेर चाक टाकायचं नाही, शेकोटी फक्त लोखंडी भांड्यात, आणि पडलेलं लाकूडसुद्धा उचलायचं नाही. कारिझोच्या लगतचा मोठा पट्टा बंद आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथे नौदल बॉम्बफेकीचा सराव करायचं आणि न फुटलेले बॉम्ब अजून जमिनीत आहेत. पाहुणे "थोडं पुढे जाऊ या ना" म्हणतात. नाही म्हणायचं.

पिशवीत एक स्वस्तातला कंगवा ठेवा. चोया निवडुंगाचा गोळा पायाला चिकटला की बोटांनी काढायचा नाही, कंगवा खाली सरकवून झटका द्यायचा, आणि समोरचं माणूस कुठल्या दिशेला उभं आहे ते आधी बघायचं.

पैशाची अपेक्षा बेताची ठेवा. काम हंगामी आहे, उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि सहली बंद होतात. त्या महिन्यांत मी वाचते, नकाशे काढते, गाडीची कामं करते. पहिला हिवाळा पाहुणा म्हणून काढा, दुसरा शेपटीच्या गाडीत, मग हातांनी दिशा दाखवायला शिका. ताफ्यातली सगळ्यात पुढची गाडी सगळ्यात शेवटी मिळते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डांबरी रस्त्याच्या कडेला सगळ्या गाड्या ओळीत उभ्या राहतात. कॉम्प्रेसर घुरघुरतात, मुलं बुटातली वाळू झटकतात. मी वही काढते आणि प्रत्येक गाडीत उरलेलं पाणी लिहून घेते, पुढच्या शनिवारी लागेल म्हणून.