समुद्री मोहीम चालवताय? आधी या चुका टाळा

आमच्या बेळगावात डी अँड डीचा, म्हणजे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलावर फासे टाकत गोष्ट रचायच्या खेळाचा, नवा डीएम (खेळ चालवणारा) तयार झाला की महिन्याभरात त्याला समुद्र आठवतो. एक गाव, एक गुहा, चार गोब्लिन यात भागत नाही; लगेच जहाज, चाचे आणि बुडालेलं शहर. हौसेला माझं काही म्हणणं नाही. पण चोर्ला घाट उतरून गोव्याच्या बीचवर गुडघाभर पाण्यात उभं राहिल्यावर दिसतो तेवढाच समुद्र ठाऊक असतो, मग मोहीमही गुडघाभर पाण्यातच चालते. तेच ते बघून वैताग आलाय. खालचे आकडे डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीचे, २०१४च्या पुस्तकांतले.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे पाण्यात उतरण्याआधीच सगळ्यांना श्वासाचं औषध वाटून टाकणं. 'कटकट नको' म्हणून. अरे, कटकट हाच तर खेळ आहे! ती काढून घेतली की उरतं काय? निळा रंग दिलेली गुहा.

आता पुस्तकातला नियमही इथे फारसा कामाला येत नाही. दम धरता येतो एक मिनिट अधिक कॉन्स्टिट्यूशन मॉडिफायरइतकी (पात्राच्या काटकपणाच्या आकड्याइतकी) मिनिटं. मॉडिफायर २ असला तर तीन मिनिटं, म्हणजे सहा सेकंदांच्या तीस फेऱ्या. मारामारी पाचव्या फेरीत संपते. बुडणार कोण? म्हणून माझ्या टेबलावर दम मोजायला चिंचोके असतात. ज्याचा जो मॉडिफायर, त्यात चार मिळवून तितके चिंचोके प्रत्येकासमोर. दर फेरीला एक जातो, घाव बसला की आणखी एक, तोंडाने मंत्र म्हटला तर दोन. चिंचोका स्टीलच्या वाटीत टाकायचा, टण्ण वाजला पाहिजे. शेवटचे दोन उरले की एरवी मोबाइलमध्ये डोकं घालून बसणारा गडीसुद्धा नकाशावर वाकतो.

पाचव्या लेव्हलला जादूगाराच्या हाती वॉटर ब्रीदिंग, म्हणजे पाण्याखाली श्वास घ्यायचा मंत्र, येतो: दहा जण, चोवीस तास, रिच्युअल (सावकाश विधी) केलं तर स्पेल स्लॉटही (मंत्रांचा मोजका साठा) खर्च होत नाही. येऊ द्या, त्याने ते कमावलंय. त्या मंत्राने श्वास मिळतो, पोहण्याचा वेग नाही, हे मात्र विसरू देऊ नका. पोहण्याचा वेग नसलेल्याला प्रत्येक फुटाला दोन फूट मोजावे लागतात. शिवाय अंधार, थंडी आणि प्रवाह तुमच्या हातात आहेतच.

दुसरी खोड जहाजांच्या लढाईची. टिळकवाडीत एका घरी मी खेळायला गेलो होतो. डीएमने थर्माकोलची दोन जहाजं केलेली, दोरखंड शिवणाच्या दोऱ्याचे, शिडावर कवटी. बघत राहावं असं काम. आणि लढाई? एकाने सुकाणू धरलं, डीएमने तोफा डागल्या, फासा, वजाबाकी, परत फासा. बाकीचे चौघे नुसते बसून. एकीने बाण मारला, नऊ डॅमेज (इजा). 'काही झालं नाही,' डीएम म्हणाला. बरोबरच होतं त्याचं: पुस्तकात शिडाच्या जहाजाला ३०० हिट पॉइंट्स (किती इजा सोसेल त्याचा आकडा), आणि एका घावात १५पेक्षा कमी डॅमेज असेल तर ते धरायचंच नाही. तिने पुन्हा बाण मारला नाही. उद्यमबागेत पहिली पाळी करून आलेला एक जण लोडाला टेकून झोपला. कुंद्याचा डबा संपला तरी जहाज बुडेना. शेवटी कुणीतरी म्हणालं, 'साकु (पुरे) की रे, बुडव एकदाचं.' थर्माकोलला वाहिलेली मेहनत त्याने माणसांना कामं वाटण्यात घातली असती तर?

हे शिकायला परदेशी चाचे कशाला हवेत? कान्होजी आंग्र्यांना इंग्रज चाचा म्हणत आणि आपण सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. त्यांच्या आरमाराची पद्धत बघा. वारा पडला की वल्ह्यांची गलबतं मोठ्या गुराबांना (तोफांच्या शिडाच्या जहाजांना) ओढत न्यायची, शत्रूच्या मागच्या अंगाला, कारण जहाजाच्या बहुतेक तोफा कुशीला असतात. मागून शिडं-डोलकाठ्या फोडायच्या, जहाज लंगडं झालं की माणसं वर चढवायची. यात प्रत्येकाला काम आहे: एक सुकाणूवर, एक शिडावर, एक तोफेवर, एक वल्हेकऱ्यांवर ओरडायला, एक दोर टाकून उडी मारायला. मी जहाजाचे हिट पॉइंट्स लिहीतच नाही. शीड शाबूत आहे का, सुकाणू चालतंय का, माणसं किती, एवढं तीन ओळींत लिहितो, आणि तिसऱ्या फेरीपर्यंत कुणीतरी पलीकडच्या डेकवर उतरलेलं असतं.

बाकीच्या चुका पटापट.

पाण्याखाली सगळी हत्यारं सारखी नसतात. पोहण्याचा वेग नसेल तर खंजीर, भाला, जॅव्हलिन, शॉर्टस्वोर्ड आणि त्रिशूळ सोडून बाकी जवळच्या हत्यारांना डिसअॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून कमी तो धरायचा). पूर्ण पाण्यात असलेल्याला आगीचा रेझिस्टन्स (इजा निम्मी). हे खेळ सुरू होण्याआधी सांगा, कुऱ्हाड उगारल्यावर नाही.

नकाशा सपाट ठेवू नका. शत्रू खालून येतो. खोली दाखवायला मी सोंगटीखाली कॅरमच्या सोंगट्या रचतो.

खोलीची जाणीव द्या. दर दहा मीटरला एक वातावरण दाब वाढतो. खानापूरकडे विहिरीत सूर मारून पोहायला शिकलेल्या पोराला तळाशी कान कसे दुखतात ते विचारा, तुमच्यापेक्षा चांगलं वर्णन करेल. तांबडा रंग सगळ्यात आधी नाहीसा होतो, त्यामुळे खोल पाण्यात रक्त लाल दिसत नाही. आवाज हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने येतो, पण कुठून आला ते कळत नाही. राक्षस दाखवण्याआधी एवढं वापरून बघा.

समुद्रातला प्रत्येक दिवस वर्णन करू नका. शिडाचं जहाज ताशी दोन मैल, रात्रंदिवस चाललं तर दिवसाला ४८. आकडा सांगा आणि पुढे व्हा.

डोळ्यावर पट्टी आणि खांद्यावर पोपट म्हणजे चाचा नव्हे. आंग्रे व्यापारी जहाजांना दस्तक (परवाना) घ्यायला लावत; नसेल तर जहाज धरत. तुमच्या चाच्यालाही असला काही धंदा द्या, मग खेळाडूच भांडत बसतील की याला बुडवायचं की याच्याकडून दस्तक घ्यायचं.

आणि तयार मोहिमेची पीडीएफ मागायला माझ्याकडे येऊ नका. चिंचोके हवे असतील तर देतो.